न लढणाऱ्यांचे पदक

आज कोलकाता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलकत्ता शहराच्या विस्तीर्ण मैदानाला वळसा घालून दक्षिणेकडे निघालेल्या माणसाला आदिगंगेचा अरुंद प्रवाह ओलांडला की खिदिरपूर लागते. 1892 साली येथे गोदी सुरू झाली आणि तेव्हापासून या वस्तीचे आयुष्य जहाजांच्या येण्याजाण्याशी बांधले गेले. ताग, चहा, कोळसा आणि माणसे यांची येथून ने-आण झाली. 5 डिसेंबर 1943 या दिवशी भर दिवसा जपानी विमानांनी या गोदीवर बाँब टाकले. पोटासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेले किती तरी हमाल व खलाशी त्यात बळी पडले. युद्ध म्हणजे काय हे खिदिरपूरला कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज उरली नाही.

या खिदिरपूरवरून डायमंड हार्बर रस्त्याने तसेच पुढे गेले, माझेरहाटचा रेल्वेवरील पूल ओलांडला, की तारातला भागात सरकारची टांकसाळ उभी आहे. तिला अलिपूरची टांकसाळ असे म्हणतात. ती बांधण्याचा बेत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच झाला होता. पण युद्ध आले आणि काम रेंगाळले. अखेर 19 मार्च 1952 रोजी तिचे उद्घाटन झाले. ते करणारे गृहस्थ महाराष्ट्राला चांगले परिचित आहेत. भारताचे तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे ते गृहस्थ होत. हुगळीच्या काठी स्ट्रँड रस्त्यावर 1829 पासून चालत आलेली, ग्रीक देवालयाच्या धर्तीचा दर्शनी मंडप मिरविणारी जुनी टांकसाळ त्याच वर्षी थांबली आणि तिचा संसार अलिपुरास आला.

टांकसाळ म्हटली की नाणी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु कलकत्त्याच्या टांकसाळीचा आणखी एक जुना व्यवसाय आहे, तो पदके घडविण्याचा. आजही पद्म पुरस्कारांची पदके आणि सैन्याची सन्मानचिन्हे अलिपूरलाच तयार होतात. या व्यवसायाच्या आरंभाची गोष्ट मराठी माणसाने ऐकण्यासारखी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदी फौजेतील सर्व दर्जाच्या लोकांना सरसकट दिलेले पहिले पदक ‘दख्खन पदक’ या नावाने ओळखले जाते. 1784 साली ते मंजूर झाले आणि कलकत्त्यास सोन्याचांदीत पाडण्यात आले. त्यावर फार्सी मजकूर होता. ते मिळाले बंगाल फौजेतील शिपायांना. त्यांनी काय पराक्रम केला होता? त्यांच्यापैकी काहींनी दक्षिणेत हैदरअलीविरुद्ध झुंज दिली होती, आणि काहींनी जनरल गॉडर्डच्या हाताखाली काल्पीपासून सुरतेपर्यंत चाल करून मराठ्यांशी युद्ध केले होते. अहमदाबाद आणि वसई ही ठाणी ज्या मोहिमेत पेशव्यांच्या हातून गेली, त्या मोहिमेचे हे पदक! म्हणजे कलकत्त्यास पदके घडविण्याची जी परंपरा सुरू झाली तिची पहिली ओळ आपल्याच पराभवाच्या शाईने लिहिली गेली, असे म्हणावयास हरकत नाही. वडगावच्या तहाचे स्मरण ठेवणाऱ्यांनी हेही स्मरणात ठेवावे.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षे हाच क्रम चालू राहिला. श्रीरंगपट्टण पडले, पदक निघाले. वायव्य सरहद्दीवर चकमकी झाल्या, पदक निघाले. 1908 च्या ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदकाची तर दोन रूपे आढळतात, एक लंडनच्या टांकसाळीचे आणि एक कलकत्त्याच्या. पदकाला फितीच्या दांडीशी जोडणाऱ्या नखीच्या घडणीवरून जाणकार ते ओळखतात. या सर्व पदकांमागची कल्पना एकच होती. अमुक शिपाई अमुक ठिकाणी लढला आणि त्याची बाजू जिंकली, हे धातूवर कोरून ठेवावयाचे.

स्वतंत्र भारताला मात्र थोड्याच वर्षांत एक निराळा प्रश्न पडला. आपला शिपाई परदेशी गेला, महिनोन् महिने धोक्यात राहिला, पण तो लढलाच नाही. किंबहुना न लढणे हेच त्याचे कर्तव्य होते. त्याच्या छातीवर काय लावावयाचे?

हा प्रश्न प्रथम कोरियाने उभा केला. 1953 च्या जुलैत तेथे युद्धबंदी झाली. पण मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करावे, यावर घोडे अडले होते. असे कैदी सुमारे तेवीस हजार होते. त्यांच्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. अध्यक्षपद भारताकडे आले आणि जनरल थिमय्या यांनी ते सांभाळले. कैद्यांची प्रत्यक्ष राखण करण्यासाठी भारताने जी फौज धाडली तिचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूर संस्थानातील वडगावचे. दक्षिण कोरियाच्या सरकारने या फौजेला आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे हजारो भारतीय जवानांना समुद्रातून थेट हेलिकॉप्टरने उचलून निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. ज्या देशात शांतता राखावयास जावयाचे त्या देशाची माती पायाला लागू द्यावयाची नाही, असा तो चमत्कारिक प्रसंग होता.

25 सप्टेंबर 1953 रोजी चिनी कैद्यांच्या एका आवारात संतप्त जमावाने एका भारतीय मेजरला आत ओढून नेले. थोरात निःशस्त्र असे त्या आवारात शिरले, कैद्यांच्या पुढाऱ्यांशी बोलत राहिले आणि आपल्या अधिकाऱ्याची सुटका करून घेऊन बाहेर आले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर दुसऱ्या महायुद्धात शौर्याबद्दल डी. एस. ओ. हे मानचिन्ह मिळविलेला हा सेनानी होता. पण कोरियातील त्या दुपारी त्याच्यापाशी शब्दाखेरीज दुसरे हत्यार नव्हते. कोरियातील कामगिरीबद्दल त्यांना दुसऱ्या वर्गाचे अशोकचक्र देण्यात आले. आज त्याला कीर्तिचक्र म्हणतात. सर्वच प्रसंग असे शब्दांनी निभावले नाहीत. आठवड्याभरातच राखणदारांना गोळीबार करावा लागला आणि कैदी मृत्यू पावले. ती गोष्ट लपविण्याचे कारण नाही; राखण करणाऱ्याचे काम किती निसरडे असते हे तीच सांगते.

याच सुमारास आपल्या नाशिकनेही या मोहिमेत भाग घेतला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. परदेशी गेलेल्या जवानांना घरी पत्र धाडता यावे म्हणून नाशिकच्या सरकारी छापखान्याची नेहमीचीच टपाल तिकिटे वापरली गेली; मात्र त्यांवर देवनागरीत नवी अक्षरे उमटविण्यात आली, ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. सैन्याला ‘कटक’ म्हणणारी मराठी बखर ज्याने वाचली आहे, त्याला त्या इवल्याशा कागदावर हा शब्द पाहून आनंद झाल्यावाचून राहणार नाही.

कोरियाचे काम काही महिन्यांत आटोपले. 1954 च्या जानेवारीत उरलेले कैदी ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या ताब्यात परत गेले आणि फौज मायदेशी आली. खरी दीर्घ कसोटी लागावयाची होती ती हिंदी चीनमध्ये.

1954 च्या जुलैत जिनीव्हा येथे व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया या तीन देशांसाठी तीन युद्धबंदी करार झाले. फ्रेंचांची सत्ता संपत होती. व्हिएतनामचे सतराव्या अक्षांशाच्या आसपास दोन तात्पुरते भाग करण्यात आले. दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी तीनशे दिवसांत आपापल्या भागात जावयाचे, ज्या नागरिकांना इकडून तिकडे जावयाचे असेल त्यांना जाऊ द्यावयाचे, नवे सैन्य आणि नवी शस्त्रास्त्रे आणावयाची नाहीत, आणि 1956 च्या जुलैत निवडणुका घेऊन देश पुन्हा एक करावयाचा, असा करार होता. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी देखरेख व नियंत्रण यांचे आंतरराष्ट्रीय मंडळ प्रत्येक देशात नेमले गेले. त्यात तीन राष्ट्रे होती: पाश्चात्य गटातील कॅनडा, साम्यवादी गटातील पोलंड आणि कोणत्याच गटात नसलेला भारत. अध्यक्षपद भारताचे. ही मंडळे संयुक्त राष्ट्रसंघाची नव्हती, हे ध्यानात ठेवावयास हवे. त्यांच्यामागे राष्ट्रसंघाचा निळा ध्वज नव्हता, त्याचा खजिना नव्हता आणि त्याचे पदकही नव्हते.

या मंडळाचे काम कसे चाले? व्हिएतनाममध्ये चौदा ठिकाणी कायमची पथके बसविण्यात आली. लाओकाय, लांगसोन, हायफाँग, विन्ह अशी सात उत्तरेत. तुरान, न्हात्रांग, सायगाव अशी सात दक्षिणेत. शिवाय फिरती पथके होती. प्रत्येक पथकात तिन्ही राष्ट्रांचे सारखेच अधिकारी. त्यांनी बंदरात जावयाचे, सरहद्दीच्या नाक्यावर बसावयाचे, विमानतळावर उतरणारा माल पाहावयाचा, पेट्यांची मोजदाद करावयाची. करारात एक कलम असे होते की, निकामी झालेल्या एका तोफेच्या जागी त्याच जातीची एकच तोफ आणता येईल. मग जुनी तोफ कोणती, ती खरोखर निकामी झाली का, नवी तिच्याच जातीची आहे का, हे सर्व तपासणे आले. भांडारातील कारकुनाने करावे असे हे काम दोन सैन्यांच्या मधोमध उभे राहून करावयाचे होते.

पथकाला वाटेल तेथे जाता येत असे असेही नाही. वाहन, वाटाड्या, परवानगी या सर्वांसाठी त्या त्या बाजूच्या संपर्क अधिकाऱ्यावर अवलंबून राहावे लागे. कधी पूल वाहून गेला म्हणून सांगत, कधी रस्ता सुरक्षित नाही म्हणून. पथक पोहोचेपर्यंत पाहावयाचे ते तेथून हललेले असे. त्यातून अहवाल लिहावयाचा झाला तर तिघांचे एकमत होणे कठीण. कॅनडाच्या अधिकाऱ्याला उत्तरेचे दोष स्पष्ट दिसत, पोलंडच्या अधिकाऱ्याला दक्षिणेचे. भारतीय अधिकाऱ्याला दोन्ही दिसावेत अशी अपेक्षा. आणि त्याने दोन्ही लिहिले की दोघेही नाराज! बिनतारी यंत्रे, पहारा, कचेरीची व्यवस्था हा सर्व भार बव्हंशी भारतीय सैन्यानेच उचलला होता. त्या जवानांच्या पत्रांवरही नाशिकचीच तिकिटे असत. या खेपेला अक्षरे होती ‘अन्तर्राष्ट्रीय आयोग’ आणि पुढे वियत नाम, लाओस किंवा कम्बोज.

आरंभीचे यश मात्र नाकारता येणार नाही. सैन्ये ठरल्याप्रमाणे वेगळी झाली. सुमारे नऊ लाख माणसे उत्तरेतून दक्षिणेत गेली. त्या मानाने थोडी, पण तीही हजारांनी, दक्षिणेतून उत्तरेत आली. आपल्या देशाने 1947 साली जे पाहिले होते त्याच्याशी तुलना केली, तर या स्थलांतरात तिसऱ्या पक्षाची नजर असल्याने काय फरक पडला असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. फाळणीच्या वेळी पंजाबच्या रस्त्यांवर अशी नजर असती तर, हा विचार तेथील भारतीय अधिकाऱ्यांच्या मनात आलाच नसेल असे कसे म्हणावे?

पण निवडणुका झाल्या नाहीत. दक्षिणेच्या सरकारला जिनीव्हाचा करारच मान्य नव्हता. 20 जुलै 1955 रोजी, कराराला वर्ष होत असताना, सायगावात जमावाने मंडळाचे लोक राहत असलेल्या हॉटेलांवर हल्ला केला आणि त्यांच्या सामानाची नासधूस केली. त्यानंतर तीन वर्षांनी मंडळाचे मुख्य ठाणे हनोईहून त्याच सायगावास हलले. लाओसचे मंडळ 1958 साली बेमुदत स्थगित झाले आणि 1961 साली लढाई पेटल्यावर पुन्हा बोलाविण्यात आले. 1962 च्या जूनमध्ये व्हिएतनामच्या मंडळाने एक खास अहवाल दिला. उत्तरेकडून दक्षिणेत माणसे आणि शस्त्रे जात आहेत, आणि दक्षिणेने अमेरिकेची लष्करी मदत कराराबाहेर घेतली आहे, असे दोन्ही निष्कर्ष त्यात होते. भारत व कॅनडा यांची त्यावर सही होती. पोलंडने भिन्नमत नोंदविले. हा अहवाल खरा होता. त्याने काहीही थांबले नाही. तीन वर्षांत अमेरिकेच्या पलटणी दानांगच्या किनाऱ्यावर उतरल्या. तेच ते तुरान, जेथे मंडळाचे एक पथक पेट्या मोजीत असे.

मंडळाचे पदक पाहताना हा इतिहास मनात ठेवावा लागतो. ते काशाचे, वाटोळे आहे. पुढील बाजूस कॅनडा आणि पोलंड यांचे ध्वज एकमेकांना छेदून उभे आहेत, त्यांच्यावर मध्यभागी अशोकाचे सिंह आहेत आणि खाली शांतीचे कबूतर. कडेने मंडळाचे नाव इंग्रजीत, आणि तळाशी शांतीचा इंग्रजी शब्द. मागील बाजूस हिंदी चीनचा नकाशा असून तिन्ही देशांची नावे त्या त्या देशाच्या लिपीत आहेत. फीत तीन समान पट्ट्यांची: गडद हिरवा, पांढरा आणि तांबडा. हिरवा भारतासाठी, पांढरा शांतीसाठी. तांबडा कोणासाठी? तो कॅनडा आणि पोलंड या दोघांसाठी मिळून आहे! साऱ्या जगाने ज्यांना दोन छावण्यांत विभागले होते आणि मंडळाच्या बैठकीत जे क्वचितच एका बाजूस बसत, ते दोघे या बोटभर रुंदीच्या रेशमावर एकाच रंगात सामावले आहेत. फितीचा हा आराखडा ज्याने केला त्याला थोडी विनोदबुद्धी असावी, असे वाटते. नसली तरी फितीत ती आली आहे.

कॅनडाने आपल्या लोकांसाठी या पदकाची अट नव्वद दिवसांच्या सेवेची ठेवली. कालावधी 7 ऑगस्ट 1954 ते 28 जानेवारी 1973. भारताने परदेशातील अशा सर्वच कामगिऱ्यांसाठी स्वतःचे विदेश सेवा पदक काढले. पदक एकच; कामगिरी कोठली ते फितीवरच्या पट्टीवरून कळावयाचे. एका पट्टीवर कोरिया, दुसरीवर इंडो-चायना, आणखी एकीवर काँगो. एकाच शिपायाच्या फितीवर दोन पट्ट्या असतील, तर त्याने जगाची दोन भांडणे जवळून पाहिली आहेत असे समजावे.

जो करार राखावयास हे लोक गेले, तो करार मोडला. ज्या युद्धावर नजर ठेवावयाची, ते युद्ध त्यांच्या डोळ्यांदेखत पेटले आणि लक्षावधी माणसे त्यात मेली. मग हे पदक कशाचे? लष्करी पेशातील कित्येकांना असे पदक हिणकस वाटते; लढाई नाही, जय नाही, मग मानचिन्ह कसले, असे ते विचारतात. हा आक्षेप वरवर सबळ दिसतो. परंतु तो घेणारा एक गोष्ट विसरतो. पहारेकऱ्याची परीक्षा तो जागा होता की नाही यावरून करावयाची असते; चोरी झाली की नाही यावरून नव्हे. मंडळाच्या हाती बंदूक नव्हती, दंड करण्याचा अधिकार नव्हता. पाहणे आणि पाहिले ते लिहिणे, एवढेच त्याच्या हाती होते. ते लिहिलेले ज्यांनी वाचले त्यांनी त्याचे काय केले, याचा जाब लाँगसोनच्या नाक्यावर पावसात उभ्या राहिलेल्या सुभेदाराला विचारणे न्यायाचे होणार नाही. मंडळाचे अहवाल मात्र राहिले आहेत. ते युद्ध कसे पेटले याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला ते वाचावेच लागतात.

आणि हे काम बिनधोक होते असेही नाही. मंडळाची विमाने सायगाव, नॉमपेन, व्हिएनचान व हनोई यांच्या दरम्यान ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने उडत. खाली दोन्ही बाजू एकमेकींवर तोफा डागीत असतानाही हा फेरा चालू असे. ती विमाने जुन्या बनावटीची होती आणि ती चालविणारे वैमानिक फ्रेंच होते. 18 ऑक्टोबर 1965 रोजी त्यांपैकी एक विमान व्हिएनचानहून हनोईकडे निघाले. त्यात भारतीय, कॅनेडियन व पोलिश लोक आणि फ्रेंच कर्मचारी मिळून तेरा माणसे होती. ते हनोईस पोहोचलेच नाही. शोध झाला, पण विमानाचा पत्ता लागला नाही. दुसरा फेरा मात्र पुढे निघाला. अहवाल पोहोचवावयाचेच होते.

27 जानेवारी 1973 रोजी पॅरिसला नवा करार झाला आणि व्हिएतनामसाठी नवे मंडळ नेमले गेले. त्यात कॅनडा, पोलंड, हंगेरी आणि इंडोनेशिया होते; भारत नव्हता. अठरा वर्षे अध्यक्षपद सांभाळणाऱ्याला निरोपाचे भाषणही कोणी मागितले नाही. कंबोडियातील मंडळ त्या देशाच्या सांगण्यावरून 1969 च्या अखेरीसच थांबले होते.

थोरात 1961 साली निवृत्त झाले, कोल्हापुरास राहिले आणि 1992 साली तेथेच वारले. नाशिकचा छापखाना आणि अलिपूरची टांकसाळ 2006 पासून एकाच सरकारी महामंडळाखाली आहेत. टांकसाळीत पदक होण्याची रीत तीच आहे. धातूची चकती तापवून मऊ करावयाची, दोन ठशांच्या मध्ये धरून दाबावयाची, उठाव पुरता आला नसेल तर पुन्हा तापवून पुन्हा दाबावयाची. मग दांडी जोडावयाची. सिंह, अक्षरे, चिन्हे ही सर्व पदकांवर सारखीच उमटतात. वेगळे असते ते फक्त कडेवर: तेथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेले असते. पदक छातीवर असताना ते दिसत नाही. हातात घेऊन उजेडाकडे कलते धरले म्हणजे वाचता येते.